राहीचा गुडघा

फार वर्षांपूर्वी, कोरडी नदीवर अजून पूल झाला नव्हता आणि माळावर माणसांपेक्षा मेंढरं जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. माणदेशाच्या एका कोपऱ्यात कोरडीच्या काठाला दोन गावं होती. वरच्या अंगाला थोरली आडी, खालच्या अंगाला धाकटी आडी. नदीचं नाव कोरडी, आणि ती नावाला जागायची. वर्षाचे अकरा महिने तिच्यात नुसती वाळू. लोक तिच्यातून गाड्या हाकत, पोरं तिच्यात विटीदांडू खेळत. पण उत्तरा-हस्ताच्या दिवसांत लांबच्या डोंगरात पाऊस कोसळायचा, आणि इथं डोक्यावर रखरखीत ऊन असताना कोरडीतून तांबडा लोंढा यायचा. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. अर्धा दिवस वाहायचा आणि जायचा. त्या अर्ध्या दिवसावर दोन्ही गावांची वर्षभराची भाकरी होती.

लोंढा यायच्या आधी थोरलीची माणसं नदीत माती आणि बाभळीच्या फांद्यांचा बांध घालत. पाणी त्या बांधाला अडून पाटात वळायचं आणि पाटातून शेतात शिरायचं. शेतं भरली, जमिनीनं पाणी पिऊन घेतलं, की त्या ओलीवर शाळू पेरायचा. पण सगळं पाणी थोरलीनं ठेवायचं नाही, असा दोन्ही गावांनी पूर्वी बेलभंडार उचलून केलेला नेम होता. थोरलीच्या शेवटच्या शेतात पाटकऱ्यानं, म्हणजे पाटाचं पाणी राखणाऱ्यानं, अनवाणी उभं राहायचं. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की त्यानं ओरडायचं, "गुडघा!" ती हाक आली की बांधावरच्या माणसांनी बांध फोडायचा आणि पाणी धाकटीकडं सोडायचं. धाकटीची माणसं त्यांच्या बांधावर वाट बघत असायची. पाणी पोचलं की ती उलट ओरडायची, "पोचलं!" ते उत्तर ऐकल्याशिवाय पाटकऱ्यानं चिखलातून बाहेर यायचं नाही.

नेम सरळ होता. पण थोरलीची म्हातारी माणसं सरळ नव्हती. ती पाटकरी निवडताना गावातला सगळ्यात उंच गडी निवडायची. गुडघा जितका वर, तितकं पाणी आपलं. नेम मोडला नाही आणि पाणीही राहिलं, म्हणून ती पारावर बसून मिशांत हसायची.

त्या काळी थोरलीचा पाटकरी होता सटवा. ताडासारखा उंच, आणि लोंढा दोन कोसांवर असतानाच ओळखणारा. असं म्हणतात, की तो वाळूला कान लावायचा आणि सांगायचा, "आता येळूच्या वळणाला आलंय. चिलीम वढून होस्तवर इथं." एका वर्षी वाळूत बैलगाडी कलंडली आणि चाकाखाली सटवाचा पाय गेला. पाय पुन्हा सरळ झाला नाही. वाळूला कान लावायची विद्या त्यानं आपल्या धाकट्या लेकीला दिली होती, आणि दुसऱ्या कुणालाच ती येत नव्हती. तिचं नाव राही.

राही सोळा वर्षांची होती, आणि इतकी बुटकी की बापाच्या कमरेला लागायची. तिची थोरली बहीण तुळसा खाली धाकटीत दिली होती.

रंगोबा पाटील गावातला सगळ्यात वयस्कर माणूस. त्याच्या शब्दापुढं कुणी जायचं नाही. तो म्हणाला, "पोरीला उभी करा तूर्त. पुढल्या साली बघू."

त्या वर्षी राही शेतात उभी राहिली. पाणी आलं, घोटा बुडला, पोटरी बुडली. म्हातारी माणसं अजून तंबाखू मळत होती, तोवर राही ओरडली, "गुडघा!"

"आँ? एवढ्यात?" रंगोबा म्हणाला.

"आबा, माझा गुडघा हितंच हाय. देवानं जिथं लावला तिथं."

माणसं हसली, पण नेम तो नेम. बांध फुटला. खालून "पोचलं!" आलं, आणि इतक्या माणसांच्या तोंडून आलं की नदीच्या दोन्ही दरडींवरचे होले उडाले. त्या साली धाकटीत जसा शाळू आला तसा कुणाच्या आठवणीत नव्हता. हुरड्याच्या दिवसांत तुळसा टोपलीभर कणसं घेऊन आली आणि बहिणीच्या गुडघ्याला हळदकुंकू लावून गेली. राही लाजली, पण रात्री तिनं ते कुंकू धुतलं नाही, असं म्हणतात.

थोरलीतही शाळू आला होता. नेहमीसारखाच, एक पोतंही कमी नाही. पण पारावर वर्षभर एकच बोलणं. आपलं पाणी खाली गेलं. पोरीच्या गुडघ्यापायी गेलं.

दुसऱ्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. विहिरीच्या तळाशी बेडूक मेले. हस्त लागल्यावर एका दुपारी राहीनं वाळूला कान लावला आणि ती धावत गावात आली. "पाणी निघालं! पन आवाज बारीक हाय. लोंढा ल्हान हाय औंदा."

ती शेतात गेली तर तिथं आधीच एक पाटा ठेवलेला. रंगोबाच्या घरचा, मसाला वाटायचा दगडी पाटा, आणि त्याच्याखाली दोन धोंडे.

"ह्याच्यावर उभी ऱ्हा," रंगोबा म्हणाला.

"कशापायी, आबा?"

"आगं, पाटकरी तुझा बाप. तू त्याच्या जागी. मग माप बी त्याचंच धराया नको का? आमी मोजून ठेवलाय. बरोब्बर सटवाचा गुडघा येतोय. नेम काय आमी मोडत न्हाई."

बोलणं ऐकायला गोड होतं. म्हाताऱ्या माणसांचं लबाडीचं बोलणं नेहमीच नेमाच्या शब्दांत येतं. राहीनं बापाकडं बघितलं. सटवा काठीवर रेलून उभा होता. त्यानं आयुष्यभर रंगोबाचा शब्द झेलला होता. तो पोरीकडं न बघता म्हणाला, "मोठ्यांच्या म्होरं जाऊ नगं, राही."

राही पाट्यावर चढली.

पाणी आलं. लोंढा लहानच होता. पाणी सावकाश चढत गेलं. पाट्याखालचे धोंडे बुडाले, पाटा बुडाला, पोटरीला गार लागलं. राहीला ठाऊक होतं, की ती खाली उतरली असती तर पाणी या घडीला तिच्या गुडघ्याला लागलं असतं. एक पाऊल खाली टाकायचं, एवढंच. एक पाऊल आणि एक हाक.

दरडीच्या वळणावर तुळसा उभी होती, काखेत वर्षाचं पोर. ती हात कपाळाला लावून वर बघत होती.

पाणी चढलं आणि गुडघ्याच्या एक बोट खाली येऊन थांबलं. मग उतरू लागलं. लोंढा संपला होता. हाक द्यायची वेळ आलीच नाही. नेमाप्रमाणे बांध फोडायचं कारण नव्हतं. थोरलीची शेतं काठोकाठ भरलेली, आणि बांधाच्या पलीकडं कोरडीची वाळू तशीच पांढरी. संध्याकाळपर्यंत राही पाट्यावर उभी राहिली. तिला वाटत होतं, अजून एखादी लाट येईल. लाटा अशा येत नसतात.

धाकटी आडी दिवाळीच्या आत उठली. आधी मेंढरं गेली, मग गाड्या. शेवटची गाडी थोरलीच्या पाटाजवळून चालली होती. राही आडवी आली. तुळसा गाडीत बसली होती, पोर मांडीवर.

"आक्का, माझ्याकडं ऱ्हा. भाकरी हाय घरात."

तुळसा म्हणाली, "पाटा आमच्या बी घरात हुता गं राही. आमी त्याच्यावर मिरची वाटायचो." आणि तिनं गाडीवानाला हाक मारली, "हाक बाबा, ऊन होतंय."

ती माणसं कुठल्या मुलखात गेली ते कुणाला कळलं नाही. तुळसाचं पोर जगलं की नाही तेही नाही. त्या दिवसापासून राहीनं पाट्यावर वाटलेलं काही तोंडात घातलं नाही, असं म्हणतात. कोरडी भाकरी खायची आणि रिकाम्या गावाकडं बघत बसायची. बाप बोलायला आला तर एवढंच म्हणायची, "आप्पा, तुमी एक डाव माझ्याकडं बगायचं हुतं."

तिसऱ्या वर्षी लोंढा आला तो असा, की वाळूला कान लावायची गरज पडली नाही. चुलीवरची भांडी थरथरली. शेतात पाटा पुन्हा मांडून ठेवलेला होता. राहीनं तो उचलला, भाकरी उचलावी तसा, आणि शेताच्या बांधाबाहेर भिरकावला. चार गड्यांना न हलणारा पाटा तिनं एकटीनं फेकला, असं म्हणतात. मग ती अनवाणी मातीत उभी राहिली. पाणी गुडघ्याला लागलं.

"गुडघा!"

बांधावरचं कुणी हललं नाही. रंगोबा खरंच गोंधळल्यासारखा म्हणाला, "आगं येडे, कुणासाठी फोडायचा? खाली हाय कोन आता?"

"कोन न्हाई ते तुमच्यामुळं, आबा. आन् माझ्यामुळं."

चिखलातून नदीतल्या बांधाकडं जाऊन तिनं एका गड्याच्या हातातली कुदळ घेतली, बांधावर चढली आणि पहिला घाव घातला. सटवा लंगडत धावला, "राही, मागं ये!" अशी हाक मारत धावला. पण मोठ्यांचं ऐकायचा तिचा वाटा मागल्याच वर्षी संपला होता. तिसऱ्या घावाला बांध फुटला आणि राही पाण्याबरोबर गेली.

ती बुडाली नाही, असं म्हणतात. काठावरच्या मेंढक्यांनी बघितलं, की लोंढ्याच्या तोंडाशी ती चालत होती, आणि पाणी तिच्या गुडघ्याच्या वर चढत नव्हतं. ती वळेल तिकडं पाणी वळत होतं. धाकटीचं एकेक शेत तिनं भरलं, एकेका दारावरून गेली. कुणी पेरलं नव्हतं तरी त्या साली धाकटीत शाळू उगवला, कणसं वाकेपर्यंत आला आणि पाखरांनी खाल्ला. राहीचं प्रेत सापडलं नाही. कुदळ तेवढी सापडली, तुळसाच्या उंबऱ्यावर आडवी. ती माणसांना परत बोलवायला पुढं गेली, असं कुणी म्हणतं. पण माणसं आली नाहीत.

थोरलीनं पुढची दोन वर्षं पुन्हा उंच गडी उभा करून बघितला. पण पाणी राहीच्या गुडघ्याएवढं झालं की बांध आपोआप फुटायचा, कितीही माती घाला. तिसऱ्या वर्षी सटवानं पारावर येऊन, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, रंगोबाच्या आधी तोंड उघडलं. म्हणाला, "बुटकी पोरगी हुडका."

तेव्हापासून आजतागायत थोरली आडीत पाटकरी म्हणून गावातली सगळ्यात बुटकी तरणी मुलगी उभी राहते. पायाखाली काही नाही, वहाणसुद्धा नाही. राहीनं फेकलेला पाटा शेताच्या बांधाबाहेर अजून पालथा पडलेला आहे आणि तो कुणी सरळ करत नाही. शेतात पाणी असेपर्यंत साठीच्या वरच्या कुणी बोलायचं नाही. म्हातारी माणसं नदीकडं पाठ करून ओळीनं बसतात. एरवी ती ही गोष्ट सांगतात तेव्हा राही पाण्यातून चालली तो भाग रंगवून सांगतात आणि पाट्याचा भाग गाळतात. म्हणून इथं तो गाळला नाही.

पाणी लागलं की मुलगी ओरडते, "राहीचा गुडघा!" बांध फोडतात. तांबडं पाणी खाली जातं, धाकटीच्या पडक्या भिंतींमधून, बाभळी माजलेल्या शेतांमधून. तिथं प्यायला होले असतात, एखादं चुकलेलं मेंढरू असतं.

आणि मुलगी चिखलातच उभी राहते, कारण नेम आहे, उत्तर आल्याशिवाय बाहेर यायचं नाही. ती कान देऊन उभी असते. सगळं गाव कान देऊन उभं असतं. पाण्याचा आवाज लांब जातो, बारीक होतो, थांबतो. "पोचलं" कुणी म्हणत नाही. पोरीचे पाय गारठतात, अंधारून येतं. पाठमोऱ्या बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाच्याही तोंडून "चल, पुरे आता" एवढे शब्द निघत नाहीत.