चावी टोकाच्या घरी

१४ मे, मंगळवार. आभाळ कोरडं, वारा पडलेला. सकाळी सहालाच मानेवर घाम.

"...मग तुमच्या वेळी भांडणं का होत नव्हती, तेवढं सांगा."

उस्मानचाचांनी मान वर केली नाही. फुटक्या घागरीची चीर ते तापलेल्या सुरीनं बुजवत होते. जळक्या प्लास्टिकचा वास ओट्यावर पसरला होता. दुष्काळात घागरी फार फुटतात.

"होत होती की," ते म्हणाले. "माझं डोकं दोनदा फुटलंय."

"कचेरीत तर सगळे सांगतात, शहाऐंशीच्या दुष्काळात चाचांच्या काळात एकसुद्धा तक्रार आली नाही."

"तक्रारी लिहिणारे गुरुजी एकच होते. ते शिक्षक कॉलनीत राहायचे. त्यांना पाणी मिळायचं."

रेवती पाथरकरला हसू आलं नाही. ती धामणखेड नगरपरिषदेची पाणीपुरवठा अभियंता. धरणात तळाचा गाळ आणि त्यावर वीतभर पाणी उरलं होतं. गावाला आठ दिवसांतून एकदा नळ सुटत होता. तीन महिन्यांत तिनं रविवार पाहिला नव्हता.

समोर बसलेले उस्मानचाचा एकतीस वर्षं या गावाचे व्हॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला पाणी केव्हा सोडायचं आणि केव्हा तोडायचं, हे त्यांच्या हातात असे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी ते राहत होते पाण्याच्या टाकीसमोरच.

रेवतीच्या काखेत एक फाइल होती. फाइलमध्ये मुख्याधिकाऱ्यांचा आदेश होता. वडार गल्लीच्या नळाच्या लाइनला बूच मारावं, आणि आठवड्याला एक टँकर द्यावा. चौतीस घरं. तिची सही तेवढी बाकी होती. अकरापर्यंत करायची होती.

पाणी पाळीपाळीनं सोडायला गावाचे टप्पे पाडलेले; वडार गल्ली तिसऱ्या टप्प्याच्या अगदी टोकाला. सलग तीन पाळ्या, म्हणजे चोवीस दिवस, तिथवर पाणी पोचलंच नव्हतं. काल दुपारी गल्लीतल्या बायकांनी कचेरीच्या पायऱ्यांवर मडकी फोडली. संध्याकाळी कुणीतरी पहार घालून पाइप फोडला. तो रात्री पट्टी आवळून कसाबसा दुरुस्त केला होता.

सही करायला तिचा हात अडत नव्हता, असं ती स्वतःला सांगत होती. वेळापत्रकात चूक नाही, एवढं कुणीतरी जाणत्यानं म्हणावं, म्हणून ती आली होती.

तिनं ते वेळापत्रक चाचांपुढं धरलं.

"प्रत्येक टप्प्याला बरोबर पंचेचाळीस मिनिटं. कुणाला एक मिनिट जास्त नाही, कुणाला एक कमी नाही. माझ्या स्वतःच्या घरालासुद्धा."

चाचांनी सुरी खाली ठेवली. कागदावरून बोट फिरवलं.

"रंग छान दिलेत."

"चाचा..."

"बंद कोण करतं?"

"शिवदास. घड्याळ बघून."

"शिवदासच्या घरी पाणी कुठून येतं?"

"त्याच्या दारात बोअर आहे."

"मग त्याचं घड्याळ बरोबर चालणारच."

"थट्टा करू नका हो. दमलेय मी."

"मीपण, बेटा."

चाचांनी सुरी पुन्हा तापायला ठेवली.

सहा वाजून पंचवीस मिनिटांनी शिवदास, आताचा व्हॉल्व्हमन, आला. खांद्यावर चार फुटी लोखंडी चावी. टाकीखालच्या खड्ड्यात ती उतरवून त्यानं व्हॉल्व्ह सोडला. रिकाम्या पाइपात पाणी शिरल्याचा घरघराट झाला. तिसऱ्या टप्प्याची पाळी सुरू झाली.

चाचा भिंत धरून उठले, रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी हात पुढं केला. शिवदासनं मॅडमकडं पाहिलं. मग चावी दिली.

चाचांनी ती रेवतीकडं वळवली.

"धरा."

तिनं धरली. खांदा एका बाजूला झुकला. पाण्याच्या खात्यात तिला सहा वर्षं झाली होती. ही चावी तिनं कधी उचलली नव्हती.

"ही शेवटच्या घरी नेऊन द्या. म्हणावं, तुमचं झालं की तुम्हीच वर येऊन बंद करा."

"शेवटच्या घरी? म्हणजे वडार गल्लीत? ज्यांनी काल पाइप फोडला त्यांच्या हातात?"

"तहान त्यांनाच लागलीय ना?"

"ते बंदच करणार नाहीत! टाकी खाली करतील. मागून चौथा टप्पा आहे. त्यात सरकारी दवाखाना आहे. उद्या जबाबदार कोण? मी!"

"म्हणून तर तुम्ही न्यायची."

"तुम्ही असंच करायचा?"

"पाय होते तोवर."

तिनं शिवदासकडं पाहिलं. शिवदास आपल्या चपलेकडं बघत होता.

चाचांनी तिच्या काखेतली फाइल हलकेच ओढून घेतली. "हे इथं राहू द्या. दोन ओझी एका वेळी होणार नाहीत."

ती निघाली. शिक्षक कॉलनीत दारोदार बादल्या मांडल्या होत्या. नळांना जोडलेल्या मोटरी घुमत होत्या. नळाला मोटर लावायची नाही, अशी नोटीस तिनं स्वतः तीनदा वाटली होती. तेव्हा मोटरी दिवाणाखाली जायच्या, नोटीस देणारा गेला की बाहेर यायच्या.

एक गृहस्थ तोंडात ब्रश धरून फाटकाशी उभे होते.

"मॅडम, चावी कुठं निघाली? बंद केलंत की काय?"

"नाही. वडार गल्लीत चाललीय. तिथलं भरलं की बंद होईल."

"म्हणजे... पाऊण तासानं नाही?"

"नाही."

ते तसेच उभे राहिले. हनुवटीवरून फेस ओघळला. मग आत वळून ओरडले, "अगं, काढ ती मोटर! घाई नाही म्हणतायत!"

"कोण म्हणतंय?" आतून आवाज आला.

"त्याच! नोटिसावाल्या!"

रेवती पुढं चालत राहिली. मागं एक घुमणं थांबलं. थोड्या वेळानं दुसरं. तिसरं नाही थांबलं.

बाजारपेठेत तिनं चावी दुसऱ्या खांद्यावर घेतली. किराणा दुकानाच्या पायरीवर बसलेल्या एका म्हातारीनं डोळे बारीक करून पाहिलं.

"खाली चालली का गं चावी?"

"हो, आजी."

"बरं झालं." तिनं सुनेला हाक दिली. "तोटी बसव गं नळाला, पाणी खाली पोचू दे. चावी खाली गेली."

वडार गल्लीत भांड्यांची रांग गल्लीच्या तोंडापासून थेट ओढ्यापर्यंत लागलेली. चावी दिसली तशा बायका उठल्या. कुणी वाट सोडली नाही.

"आली बंद करायला!"

"आगं, थेंब तर गळू दे!"

शेवटच्या घरापुढं पारूबाई धोत्रे कमरेवर हात ठेवून उभी होती. पन्नाशीची, दगड फोडून फोडून मनगटं पुरुषासारखी झालेली.

"काल पहार म्या घातली," ती म्हणाली. "न्यायचं तर मला न्या. नळाला हात लावायचा न्हाई."

"चावी द्यायला आलेय."

"आं?"

"तुमचं झालं की तुम्ही वर येऊन बंद करायचं."

पारूबाईनं चावीकडं पाहिलं. मग रेवतीकडं.

"ह्यो कंचा नवा डाव?"

"मला माहीत नाही," रेवती म्हणाली.

कचेरीत हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

पारूबाईनं चावी घेतली आणि दाराच्या चौकटीला टेकवून उभी केली. पायानं एक दगड सारला. "बसा. इथं खुर्ची न्हाई."

रेवती बसली. दोघी नळाकडं बघत राहिल्या...

सात वाजून दहा मिनिटांनी नळातून हवा सुटली. फुस्स... आणि बंद. पुन्हा फुस्स.

रेवतीनं मनगटावर पाहिलं. पंचेचाळीस मिनिटं झाली होती. वेळापत्रकाप्रमाणं या गल्लीला तिचा पूर्ण वाटा मिळाला होता.

"वारं यतंय," पारूबाई म्हणाली. "दर खेपंला येवढंच यतंय. वारं भरून ठिवावं का घागरीत?"

पाइप आठ दिवस कोरडा असतो, तो आधी भरावा लागतो, हे रेवतीला परीक्षेच्या पुस्तकापासून माहीत होतं.

सात एकोणीसला गंजाचं लाल पाणी आलं. सात चोवीसला स्वच्छ. करंगळीएवढी धार. गल्लीत एकदम गलका उठला. भांडी आपटली, कुणीतरी कुणाच्या आईचा उद्धार केला, कुणी मोठ्यानं हसलं. पारूबाईनं पहिला तांब्या भरला, तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. दुसरा रेवतीपुढं धरला.

"घ्या. तुमच्याच टाकीचं हाय."

रेवती प्यायली.

पावणेआठ झाले. आठ झाले. टाकीत किती उतरलं असेल, याचे आकडे रेवतीच्या डोक्यात आपोआप पळत होते. तिनं घड्याळ तळव्याखाली झाकलं.

पारूबाईच्या पाच घागरी भरल्या. आता पिंपाची पाळी होती. मोठं, निळं, दोनशे लिटरचं पिंप.

"ह्ये भरल्याबिगर हलायची न्हाई," तिनं आधीच सांगून ठेवलं. "आठ दिस काढायचं हायेत."

"भरा," रेवती म्हणाली.

पारूबाईनं पिंपाखाली दगड सारले. धार आत पडू लागली. ती उंबऱ्यावर बसली. एकदा पिंपाकडं बघे, एकदा चौकटीला टेकलेल्या चावीकडं. पदरानं तोंड पुसलं. पुन्हा चावीकडं पाहिलं.

"हिला जरा तिकडं तरी ठिवायची हुती," ती चिडून म्हणाली.

"कुठं?"

"कुटंबी. दारात अशी हुबी ऱ्हायलीय, जशी सासूच."

पिंप अर्ध्याच्या खालीच होतं. पारूबाई उठली. शेजारणीला म्हणाली, "यमुने, तुजं झालं का?"

"दोन ऱ्हायल्यात."

"आटप. म्या चालले."

"आगं, पिंप?"

"ऱ्हाऊ दे मेलं."

तिनं चावी खांद्यावर टाकली, काडी टाकावी तशी. रेवतीला तिच्याबरोबर चालताना जवळजवळ पळावं लागलं.

व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी एक बाई बसून होती. चौथ्या टप्प्याच्या टोकाला पिंजारी मोहल्ला आहे, तिथली हलीमाबी. शेजारी रिकामी कळशी. चाचांनी तिला निरोप धाडून बोलावलं होतं, हे रेवतीला नंतर कळलं.

पारूबाई थबकली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"लई उशीर लावला बाई," हलीमाबी म्हणाली.

"पाणीच उशिरा आलं. तोवर वारंच हुतं." पारूबाईनं चावी खड्ड्यात उतरवली. "तुमच्यात किती दिस झालं?"

"सोळा."

पारूबाईनं दातावर दात धरून व्हॉल्व्ह फिरवला. अकरा फेरे. घरघराट बारीक होत गेला आणि थांबला. आठ वाजून चौदा मिनिटं झाली होती.

मग तिनं शेजारचा चौथ्या टप्प्याचा व्हॉल्व्ह सोडला. चावी वर ओढली, लुगड्याला पुसली आणि हलीमाबीच्या हातात दिली. वळली आणि गेली.

शिवदासनं टाकीतलं पाणी मोजायची पट्टी वाचली. चार फूट दोन इंच. रेवतीच्या हिशोबापेक्षा सात इंच कमी. चौथ्या टप्प्याला आणि दवाखान्याला पुरणार होतं. पाचव्याला ओढाताण होणार होती.

ती चाचांच्या ओट्यावर येऊन बसली. खांदा ठणकत होता. चाचांनी फाइल पुढं केली. तिनं आदेश काढला. सहीच्या जागेवर तिरपी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'सदर गल्लीची लाइन बंद करण्याची आवश्यकता नाही. व्हॉल्व्ह बंद करण्याची पद्धत बदलत आहे.' तारीख घातली. सही केली.

चाचा दुसरी घागर घेऊन बसले होते. सुरी चुलीत तापत होती.

"उद्या कुणी बंदच केलं नाही तर?" तिनं विचारलं.

"होईल तसंही."

"मग?"

"मग भांडायचं. एकतीस वर्षं भांडलो मी."

...

तासाभरानं शिवदास वडार गल्लीतून परत आला. त्याला तिनं घरं मोजायला पाठवलं होतं. त्यानं कानाशी लागून आकडा सांगितला. रेवतीनं तो पुन्हा विचारून घेतला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिची पाठ जरा ताठ झाली.

"चाचा, चौतीस घरांपैकी एकतीस घरांना पाणी मिळालं. चोवीस दिवसांनी. म्हणजे एक्क्याण्णव टक्के!"

चाचांनी सुरी बाहेर काढली. तिच्यावर फुंकर घातली.

"तीन कुणाची राहिली?"