नव्या पिनेचे अकरा कीबोर्ड

"...मग सगळ्यांना नवीच पिन बसवायची ना, मास्तर?"

श्रीरंगनं तिसऱ्यांदा विचारलं. विचारलं कसलं, निकालच ऐकवला. इंजिनिअरिंगचं सुवर्णपदक एकदा गळ्यात पडलं की माणसाला प्रश्न विचारता येत नाही.

उस्मान शिकलगार मास्तर चौथी नापास. मिरजेतल्या त्यांच्या खोलीत अंध मुलांसाठी उठावाच्या ठिपक्यांचे कीबोर्ड बनत. समोर अकरा पडले होते, कॉम्प्युटरला जोडायच्या पिनेवाचून. अंधशाळेच्या अकरा मुली यंदा दहावीचे पेपर लेखनिकाविना, स्वतःच्या बोटांनी लिहिणार होत्या.

श्रीरंगनं नव्या पिनेचे गुण गायले. उलटी लावा, सुलटी लावा, बसतेच. चाचपडणाऱ्या हातांसाठीच जणू घडवलेली. शिवाय असल्या कीबोर्डाला अजून कुणी ती लावलेली नाही, आपण पहिले ठरू, पुण्याच्या परिषदेचं बोलावणं येईल... हेही त्यानं ओघात सांगून टाकलं.

"चांगली आहे," मास्तर म्हणाले. "चांगलीच आहे."

त्यांनी ती बोटांत उलटसुलट फिरवून पाहिली.

"परीक्षेच्या केंद्रावरचे कॉम्प्युटर?"

ते जुने. त्यांना ही पिन बसत नव्हती, आणि श्रीरंगला ते ठाऊक होतं. त्यानं खिशातून बोटाच्या पेराएवढा तुकडा काढून टेबलावर ठेवला. कन्व्हर्टर. नवी पिन याच्यात, हा जुन्या भोकात. प्रत्येकीला एकेक देऊ, म्हणाला. दोन वर्षांत सगळं जग नव्यावर येणार, आपण जुन्याला किती दिवस कवटाळून बसायचं?

"मुलींना विचारलंस?"

"त्यांना काय कळतंय त्यातलं, मास्तर."

मास्तरांनी हातातली सोल्डरगन खाली ठेवली. नवी पिन लावलेला नमुन्याचा कीबोर्ड त्याच्यापुढं सरकवला आणि डोळे मिटून खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडायला सांगितलं.

श्रीरंग हसला. हा तर पोरखेळ. त्यानं डोळे मिटले, पिन हातात घेतली, दुसरा हात कन्व्हर्टरसाठी टेबलावर फिरवला...

मास्तरांनी एका बोटानं तो तुकडा टेबलाच्या कडेवरून ढकलला.

फरशीवर टक्क वाजलं. मग घरंगळल्याचा आवाज. मग तोही थांबला.

श्रीरंग गुडघ्यांवर आला. हाताला तारांची टोकं लागली, स्क्रू लागले, कुणाची तरी चप्पल लागली. खुर्चीचा पाय कपाळावर बसला.

"मास्तर... डोळे उघडू?"

"पेपर तीन तासांचा आहे. शोध."