म्हाळूच्या घोंगडीतली कुसळं

एकदा काय झालं, एका माळावर ठकू नावाची धनगरीण राहायची. माळ कसला, नुसती वाळू हो! तिथं दुसरं काही उगवायचंच नाही, फक्त कुसळी गवत. पावसात उगवायचं, दिवाळीनंतर वाळून मरायचं, आणि मरताना तीन-तीन शेपट्यांची कुसळं वाळूत टाकून जायचं. पुढच्या वर्षी त्यातूनच नवं गवत. त्यावर ठकूची मेंढरं जगायची.

पण ठकू पडली भारी टापटिपीची! लोकरीत कुसळ दिसलं की वेचायची नि चुलीत टाकायची. तेवढ्यानं भागेना, मग बया खराटा घेऊन माळच झाडायला लागली!

नवरा म्हाळू म्हणाला, "अगं, ऱ्हाऊ दे की थोडी."

"कातताना बोटं माझी फाटत्यात, तुमची न्हाई!"

ऐकतेय कुठली? सगळी कुसळं जाळली. मग काय झालं, त्याच हिवाळ्यात म्हाळू मेंढरांमागून ताप घेऊन आला आणि तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्या घोंगडीत कुसळं अडकली होती. एवढी टापटिपीची ठकू, पण त्या घोंगडीला तिनं हात लावला नाही. तशीच उशाला घ्यायची. गालाला टोचायची, बरं का, तरी घ्यायची.

पुढं पाऊस पडला, पण गवताची एक काडी उगवेना. मेंढरं पटापट मेली. उरली एकटी बोरी मेंढी, तीही गाभण.

ठकू ढगाला म्हणाली, "बाबा, गवत दे." ढग म्हणाला, "माझ्याकडं पाणीच." मग वाऱ्याला म्हणाली. वारा म्हणाला, "माझे हात रिकामे." मग वाळूपुढं पदर पसरला. वाळू म्हणाली, "माझी पोरं तू चुलीत घातलीस, आणि मलाच मागतेस?"

ठकू ऊर बडवून रडली. काय करणार बिचारी? मग उठली, घोंगडी आणली नि एकेक कुसळ वेचून वाळूत टाकू लागली. शेवटचं मुठीत धरून बसली. म्हणाली, "एवढं एक तरी ऱ्हाऊ दे मला."

बोरी ओरडली. ठकूनं मूठ उघडली.

तीन दिवस आपली अंबील तिनं बोरीलाच पाजली. चौथ्या दिवशी वाळूतून पोपटी पाती वर आली, बघता बघता माळ भरला. बोरी व्याली. कळप वाढला, पोटं भरली, सगळं ठीक झालं. ठकू तीच घोंगडी उशाला घ्यायची. आता ती टोचत नव्हती. ठकू रात्रभर चाचपत राहायची, पण एकसुद्धा कुसळ हाताला लागायचं नाही.

झाली गोष्ट. मुसमुसू नकोस गं, पांघरूण घे. आणि तुझ्या परकराला कुसळ लागलंय ना, ते सकाळी अंगणात टाक. चुलीत टाकायचं नाही. झोपा आता.