खिंडीतली थंड चूल

एकदा एक वृद्ध साधू आपल्या शिष्याला घेऊन डोंगरापलीकडच्या मठाकडे निघाले. वाटेत एक उंच खिंड ओलांडायची होती. प्रवासात सामान कमी असावे, ही साधूंचीच शिकवण. शिष्याने ती फारच मनावर घेतली होती. त्याने घोंगडी कापून अर्धी केली, तांब्याऐवजी नारळाची करवंटी घेतली, काठीसुद्धा पोकळ बांबूची निवडली. गाठोडे एका बोटावर उचलून पाहिले, तेव्हा कुठे त्याचे समाधान झाले.

खिंडीच्या पायथ्याशी लाकडांचा ढीग होता. वर काही उगवत नसे. म्हणून चढणाऱ्या प्रत्येकाने एक लाकूड वरच्या धर्मशाळेत नेऊन ठेवायचे, असा तिथला रिवाज. साधूंनी ढिगातला सर्वांत जड, वाकडा ओंडका खांद्यावर घेतला.

शिष्य चक्रावला. "बाबा, हलकं चाला, हलकं चाला म्हणून आम्हाला सांगता, आणि हे काय उचललंत? द्या इकडे, मी घेतो."

"हा माझा आहे. तू तुझा घे."

"वर ढिगाने असतील की! एवढी माणसं नेतात."

"चल मग," साधू म्हणाले. शिष्य लाकूड न घेताच मागून निघाला.

चढ लागला तसे धुके उतरले. पाखरू ओरडेना, पान हलेना. शिष्याला स्वतःची पावलेही नीट दिसेनात. तोच वरून कुणीतरी विचारले, "आणलं का?"

"बाबा, कोण बोललं?"

"ऐकलं मी. पाय उचल."

"कोण आहे?" शिष्य ओरडला. त्यावर उत्तर आले नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच, त्याच सुरात, "आणलं का?" ते दोघे चढत होते, पण आवाज जवळ येत नव्हता की दूर जात नव्हता. शिष्याने साधूंच्या उपरण्याचे टोक धरले.

धर्मशाळेचे दार उघडेच होते. आतही धुके. चूल थंड, तिच्यात चिमूटभर राखसुद्धा नाही. कोपऱ्यात एक व्यापारी भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळे, पापण्यांवर दव. त्याने आलेल्यांकडे पाहिले नाही. "आणलं का?" तो चुलीला विचारत होता.

शिष्य पुढे झाला. व्यापाऱ्याचे गाठोडे त्याने बाजूला सारायला उचलले, तर हाताला वजनच लागेना. आतले कांबळे अर्धे कापलेले होते.

"बाबा," तो कुजबुजला, "हा तर माझ्यासारखाच निघाला होता."

साधूंनी बांबूच्या काठीच्या चिरफळ्या केल्या, चकमक झाडली आणि ओंडका चुलीत सारला. मग हळूच म्हणाले, "यालाही वाटलं असेल, वर ढिगाने असतील. याच्या आधी आलेल्यांनाही तसंच वाटलं. अरे, हलकं चालावं, ते खरंच. घोंगडी तू कापलीस, थंडी तू सोसशील. ती तुझी गोष्ट. पण ते लाकूड आपल्या सामानातलं नव्हतंच, बाळ. इथे कुडकुडत बसलेल्या माणसाचं ते सामान. तू ते खालीच ठेवलंस, म्हणून ओझं काही कमी झालं नाही. ते याच्या अंगावर पडलं."

शिष्याने आपली घोंगडी व्यापाऱ्याच्या अंगावर घातली. ती गुडघ्यांपर्यंतच पुरली. तेव्हा तो खाली बसला, ते बर्फासारखे पाय त्याने मांडीवर घेतले आणि चोळू लागला. माणूस जगेल की नाही, कळत नव्हते. साधू आत येणारी थंडी अडवत दाराशी बसून राहिले. ओंडका सावकाश पेटत गेला.

बऱ्याच वेळाने व्यापाऱ्याची नजर चुलीवरून सरकली. आपले पाय कुठे आहेत ते पाहून तो ओशाळला, मागे ओढू लागला.

"पाय काढू द्या, महाराज. पाप लागेल मला."

शिष्याने ते आणखी घट्ट धरले.

"असू द्या," तो म्हणाला. "मला जड होत नाहीत."