लल्ला इत्तोची पाणपाळी

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि ती मी दरवेळी चिडूनच सांगतो. ज्याला गोड गोष्ट हवी असेल त्यानं आत्ताच उठून जावं.

ॲटलसच्या डोंगरात, जिथून खाली वाळवंटाची पिवळी कड दिसते, तिथं आमचं तागूंत गाव. बाहेरचे लोक आम्हाला बर्बर म्हणायचे. बर्बर म्हणजे रानटी. आम्ही स्वतःला इमाझिघन म्हणतो, म्हणजे मोकळी माणसं. पण मोकळी माणसंसुद्धा घाबरतात, आणि आमची तर फारच लवकर घाबरली.

गावात घरं बावीस आणि झरा एक. झऱ्याचं पाणी दगडी हौदात साठायचं आणि तिथून पाटानं एकेका घराच्या शेतात जायचं. कुणाला किती वेळ पाणी, हे ठरवायचं एक तांब्याचं भांडं. त्याच्या बुडाला सुईएवढं भोक. भांडं हौदात तरंगत ठेवायचं. ते भरून बुडालं की एका घराची पाळी संपली. मग पाटकरीण पुढच्या घराच्या नावानं तीन हाका मारायची. त्या घराच्या माणसानं शेतातून ओ दिली की पाट तिकडे वळायचा. ओ आली नाही तर पाणी पुढच्या घराला. दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची नाही, आणि हाक मारणाऱ्यानं स्वतःच ओ द्यायची नाही. एवढाच आमचा कायदा, आणि तो कुठंही लिहिलेला नव्हता.

त्या काळी पाटकरीण होती इत्तो. लहानथोर सगळे तिला मानानं लल्ला इत्तो म्हणायचे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, हनुवटीवर हिरवं गोंदण. तिनं हाक मारली की अगदी खालच्या शेतातली गाढवंसुद्धा चरायची थांबायची, असं म्हणतात.

मग खालच्या शहरातून एक सरदार शिपाई घेऊन आला. त्यानं गावाखाली गढी बांधली, संत्र्यांची बाग लावली, आणि एके सकाळी हौदापाशी येऊन म्हणाला, “ही कसली नावं? घसा खाकरल्यासारखी. उद्यापासून इथं आमच्या भाषेत हाक मारायची. प्रत्येक घराला मी नवं नाव देतो.”

गाव चिडलं असेल असं तुम्हाला वाटलं ना? कुठलं काय. गावातला सगळ्यांत वडीलधारा हम्मू, बासूच्या घराण्यातला, हात जोडून उभा राहिला. नंतर लोकांना समजावत म्हणाला, “बाहेर त्यांचं नाव घेऊ, चुलीपाशी आपलं ठेवू. पाणी मिळाल्याशी मतलब.”

इत्तो म्हणाली, “दादा, चुलीपाशी ठेवलेल्या नावाला पाणी कोण देणार?”

“तू बोलू नकोस. तुझ्यामागे कोण रडणारं आहे? आम्हाला लेकरं आहेत.”

इत्तोनं भांडं काठावर ठेवलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून सरदाराचा माणूस हाका मारू लागला. आणि आमच्या माणसांनी ओ दिली. बावीसच्या बावीस पाळ्यांना ओ आली. एकवीस घरांनी आपापल्या नव्या नावाला, आणि इत्तोच्या घराला दिलेल्या बाविसाव्या नावाला ओ दिली सरदाराच्या शिपायानं. तिच्या पाळीचं पाणी बागेत गेलं. कुणी काही बोललं नाही, कारण ते इत्तोचं होतं, आपलं नव्हतं.

पुढच्या फेरीत हम्मूच्या घराची हाकच आली नाही. तो धावत हौदावर गेला. सरदार हसून म्हणाला, “ते नाव मी दिलं होतं, मी काढून घेतलं. तुझं दुसरं काही नाव असेल तर सांग.”

हम्मूला नाव नव्हतं का? त्याच्या आजोबाच्या आजोबापासूनचं होतं. पण समोर बंदुका होत्या, आणि ते त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. महिन्याभरात नऊ घरांची नावं गेली. सातू कणसं बाहेर पडण्याआधी, पोटरीत असतानाच करपले. खाली संत्र्याची झाडं मात्र तरारली. हे ‘असं म्हणतात’ नाही. हे घडलं.

एका दुपारी इत्तो घरातून निघाली. तिनं हौदावरच्या शिपायाच्या हातातून भांडं काढून घेतलं, पाण्यावर सोडलं आणि आमच्या भाषेत पहिली हाक मारली, “आयत बासू!” म्हणजे बासूची माणसं. शिपायानं तिला बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. ती पडली, उठली, आणि दुसरी हाक मारली. ओ आली नाही. हम्मू आपल्या वाळल्या बांधावर मान खाली घालून बसला होता. माझा संताप होतो तो इथं. शिपायाला काय बोलायचं, तो परका. पण हा?

तिसऱ्या हाकेला त्या बांधाच्या दगडांनी ओ दिली, असं म्हणतात. माणसाच्या आवाजात, जुन्या, मेलेल्या माणसांच्या. हौदाचं पाणी उठलं, पाट सोडून चढावरून वर गेलं आणि करपलेल्या सातूंत शिरलं. सरदारानं फळ्या टाकल्या, माती टाकली, पाणी त्यावरून गेलं. मग कुठं हम्मू उभा राहिला आणि रडत ओ देऊ लागला. इत्तो हाका मारत गेली, मग दुसरं घर, मग तिसरं. नाव आलं की पाणी जायचं आणि बाग सुकत जायची. सरदार त्याच आठवड्यात गढी सोडून गेला, असं म्हणतात.

एकवीस घरं झाली. बाविसावं तिचं स्वतःचं. आवाज फाटला होता, ओठांतून रक्त येत होतं. तिनं हाक मारली, “आयत इत्तो!” एकदा. दोनदा. तिला स्वतःला ओ देता येत नव्हती. आणि गाव? गाव नियम आठवून गप्प बसलं. परक्या नावाला ओ देताना जीभ अडली नव्हती, पण दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची नाही हे मात्र त्यांना बरोबर आठवलं. तिसरी हाक मारून ती हौदाच्या काठावर वाट बघत बसली. भांडं बुडालं तेव्हा ती गेलेली होती.

आजही तागूंतमध्ये पेरणीच्या पहिल्या पाण्याला शेवटची हाक तिच्या घराची असते. तेवढ्यापुरता कायदा मोडतो आम्ही. शेतात, घरात, छपरावर जो कुणी असेल तो ओ देतो, नुकतं बोलू लागलेलं मूलसुद्धा. मग भांडं बुडेपर्यंत पाणी तिच्या तुकड्यावर सोडतात. तिथं नुसते दगड आहेत, गवताची काडी उगवत नाही. दुष्काळातही सोडतात. गेल्या वर्षी शहरातले एक साहेब म्हणाले, “पाणी वाया घालवता तुम्ही, आणि एवढं ओरडता कशाला? बाई तर मेलेली आहे.”

मी म्हणालो, “साहेब, जिवंत होती तेव्हा आम्ही गप्प होतो.”