शांत घरासाठी वाढवलेलं पिल्लू

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडली नव्हती आणि साळुंक्या माणसांचे निरोप पोचवत असत. लहानांनी पुढे सरकून बसा. मोठ्यांनी मागे बसलं तरी चालेल, पण कान इकडे ठेवा, कारण ही गोष्ट तुमचीच जास्त आहे.

नदीकाठच्या एका गावात एक तांबट राहत होता. तांब्याच्या पत्र्यावर ठोके मारून तो हंडे, घागरी, घंगाळी घडवायचा. सकाळी त्याचा हातोडा सुरू झाला, की दिवस मावळेपर्यंत ठण्ण ठण्ण चाले. शेजाऱ्यांच्या कानठळ्या बसत. पण साऱ्या गावाचं पाणी त्याच्याच घागरींतून येई, म्हणून कोणी काही बोलत नसे.

दिवसभर त्याला काही वाटायचं नाही. हातोडा खाली ठेवला, की मात्र घर अंगावर यायचं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आपण घरात आहोत हे कुणाला तरी ठाऊक असावं, एवढंच त्या बिचाऱ्याला हवं होतं.

नदीपलीकडे, कायम धुक्यात असलेल्या डोंगरावर, मांजरं पाळणारी एक म्हातारी होती. तिच्याकडचं पिल्लू ज्या घरी जाई, त्या घरचंच होऊन राही, अशी तिची ख्याती. तांबटाने साळुंकीकडून निरोप धाडला, "आजी, मला एक पिल्लू द्या."

आठ दिवसांनी उत्तर आलं. "माझी कापसी गाभण आहे. तिला पिल्लं झाली, की एक तुझं. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, आठवं घर मी शोधते. म्हणून विचारते, तुझ्या घरात आवाज कसले असतात?"

तांबट विचारात पडला. हातोड्याचं सांगितलं, तर म्हातारी पिल्लू कशाला देईल?

"सांग तिला," तो साळुंकीला म्हणाला, "माझं घर अगदी शांत आहे. नदीचं पाणी तेवढं ऐकू येतं."

साळुंकीने मान वाकडी केली. "तांबटदादा, तुमची ठोकाठोक थांबेपर्यंत मी पलीकडच्या चिंचेवर जाऊन बसले होते. हेच सांगू?"

"हेच सांग."

निरोप पोचवणं साळुंकीचं काम, तो दुरुस्त करणं तिच्याकडे नव्हतं. ती उडाली.

मग वाट पाहण्याचे दिवस सुरू झाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी त्याची गत झाली. पिल्लं जन्मायच्या आधीच त्याने दुधासाठी एक वाटी घडवून ठेवली. डोंगरावरून निरोप येत राहिले. "पिल्लं झाली. तुझं राखाडी आहे, कपाळावर पांढरा ठिपका." "आज त्याचे डोळे उघडले." "आज त्याने आईच्या शेपटीवर झडप घातली." प्रत्येक निरोप तो दोनदा म्हणवून घेई.

झोपेत त्याला एकच स्वप्न पडे. त्याचं घर नदीवर हलके हलके तरंगतंय, उंबऱ्यावर राखाडी पिल्लू बसलंय, आणि तो हातोडा मारतोय तर आवाजच येत नाही. तांब्यावर नुसते पाण्यासारखे तरंग उठताहेत. सकाळी जाग आली, की त्याला उगाच हसू यायचं.

म्हातारीच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी मात्र असे, "तुझ्या घराचं आणखी काही सांग." आणि तांबट दर वेळी थोडी भर घाली. "इथे पारवेसुद्धा हळू घुमतात." "आमच्याकडे दारही कधी वाजत नाही." वर विचारी, "पिल्लू केव्हा देता?"

तिसऱ्या महिन्यात तो स्वतः जाऊन पिल्लू घेऊन आला. तीन दिवस त्याने हातोड्याला हात लावला नाही. पिल्लू त्याच्या मांडीवर झोपे, त्याच्या मागून परसात जाई, तो जेवायला बसला की शेजारी बसे. चार वर्षांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

चौथ्या दिवशी लग्नघरची माणसं दारात उभी राहिली. हंडे हवे होते. किती दिवस टाळणार? त्याने पिल्लाला आतल्या खोलीत ठेवलं, दार लोटलं आणि अगदी हळू एक ठोका मारला.

एकच. पिल्लू भिंतीवर चढलं, आढ्यावर गेलं आणि कौलांच्या फटीतून बाहेर पडलं. तांबटाने हाका मारमारून गाव पालथं घातलं. कुठे पत्ता नाही.

आठव्या दिवशी साळुंकी आली. "दादा, तुमचं पिल्लू डोंगरावर पोचलंय. नदी कशी ओलांडली, कोण जाणे. पायांची सालटी निघालीत त्याच्या."

तांबट धावतच डोंगर चढला. म्हातारी दोन टोपल्यांच्या मधोमध बसली होती. एका टोपलीपाशी ती रिकामं जातं ओढत होती. मग थांबली आणि दुसरीपाशी टाळ वाजवू लागली.

"हे पिल्लू पिठवालीकडे जायचंय," ती म्हणाली, "आणि ते भजनी मठात. जिथे जायचं, तिथले आवाज इथूनच अंगवळणी पाडते मी."

तांबट म्हणाला, "आजी, मी खोटं बोललो. माझ्या घरी दिवसभर हातोडा चालतो. वाटलं, खरं कळलं तर द्यायच्या नाहीत तुम्ही."

"अरे बाबा, सांगायचं होतंस! त्याच्या उशाशी मी रोज थाळ्या बडवल्या असत्या. तू शांत म्हणालास, म्हणून अडीच महिने मी पाऊल न वाजवता चालले, माझा कोंबडा खालच्या वाडीला नेऊन ठेवला. ज्या घराचं वर्णन तू केलंस, त्या घरासाठी वाढवलंय मी ते पिल्लू. ते घर कुठे आहे सांग, मी आत्ता नेऊन पोचवते."

असलं घरच कुठे नव्हतं. तांबट लहान मुलासारखा रडला.

म्हातारीने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "कापसी पुन्हा विईल. पण आता साळुंकीकडून निरोप नकोत. हातोडा घेऊन तू स्वतः येत जा."

कापसी पुन्हा व्याली आणि तो गेला. दर आठ दिवसांनी डोंगर चढून टोपलीपाशी एक एक भांडं घडवू लागला. एक काळं पिल्लू त्या ठणठणाटात निवांत झोपायला शिकलं. त्याच्या घरी आल्यावरही ते ठोक्यांच्या तालावर झोपे, आणि ठोके थांबले की जागं होऊन, हा कुठे गेला म्हणून त्याला शोधत येई. तांबटाचं घर भरलं.

पण दर वेळी डोंगरावर त्याची चाहूल लागली, की कुंपणावरचं राखाडी पिल्लू उठायचं आणि धुक्यात पलीकडे निघून जायचं. तांबट हाक मारी. ते वळून बघत नसे. पुरतं दिसेनासं होईपर्यंत तो थांबे, आणि मगच हातोडा उचले.

म्हणून, लहानांनो आणि मोठ्यांनो, जिथे माया जोडायची, तिथे आपलं घर आहे तसंच सांगावं. नसलेल्या घरात कुणालाच राहता येत नाही.