चाचा उठून बाहेर का जात

सन १९८६. आषाढाचा शेवटचा आठवडा. मिरज.

"...म्हणजे मास्तर दिसणारच नाही?"

"नाही दिसणार," पद्मजा म्हणाली. "मास्तर पुण्यात. धडे टपालानं येणार, महिन्याला दोन. सोबत कॅसेट. आपण उत्तरं लिहून पाठवायची, ते तपासून परत पाठवणार."

दस्तगीरचाचा तंबोऱ्याच्या तारांखालच्या घोडीवर कानस चालवत होते. फ्रेंच हा शब्द आला तेव्हा ती कानस एकदाच अडखळली होती. मग पुन्हा चालू झाली.

तंबोरे करणाऱ्यांची ती गल्ली आता तशी राहिलेली नाही. तेव्हा दुपारी चारला सात दुकानांतून तंबोरे बोलत. चाचांचं दुकान सगळ्यांत लहान, पण गवई लोक आधी तिथं येत. मगदुमांची पद्मजा दोन घरं पलीकडची. चार वर्षं शाळा सुटली की ती दुकानात येऊन बसायची. तारा चढवायला शिकली, खुंटीला खडू लावायला शिकली. शाळेत पहिलीपासून पहिली यायची, आणि ते कुणाला विसरू देत नसे.

त्या दिवशी तिच्या मांडीवर अकरावीचा फॉर्म होता. सगळा भरलेला. भाषेचा रकाना तेवढा कोरा. उद्या बाराच्या आत द्यायचा.

"तुझे अप्पा काय म्हणतात?"

"संस्कृत घे म्हणतात. शिकवायला बाई आहेत, नव्वद मार्क कुठं जात नाहीत."

"आणि तू?"

"अख्ख्या कॉलेजात फ्रेंच कुणी घेतलेलं नाही."

चाचांनी घोडीवरची भुकटी फुंकली.

"मग तू पहिली येणारच. एकटीच असशील."

पद्मजाला हसू आलं नाही. ती फॉर्मची कड दुमडत राहिली.

"चाचा... मुळाक्षरांपासून सुरुवात आहे. चुकलं तर पंधरा दिवसांनी कळणार. जवळ बसून सांगायला कुणी नाही. मला आजवर न आलेलं असं काही..."



चाचांनी तंबोरा उभा केला. तारांखाली सुताचे तुकडे सरकवले. सूत केसभर इकडचं तिकडे झालं की तार मुकी होते, नाहीतर खुलते. त्या खुलण्याला जवारी म्हणतात. चाचांच्या हातची जवारी ऐकायला लोक धारवाडहून येत.

त्यांनी चारही तारा छेडल्या.

"लागली?"

पद्मजानं कान दिला. दुकान आवाजानं भरून गेलं होतं.

"लागली."

"चारी?"

"चारी. माझा कान आहे चाचा, खोटं सांगणार नाही."

"बरं. विहिरीपाशी जा."

"आँ?"

"गल्लीच्या टोकाला विहीर आहे. तिथं उभी राहा. मी छेडतो."

पद्मजा फॉर्म घेऊनच उठली. बाहेर भुरभुर होती. वाटेत एक सायकलवाला, एक शेळी, पिठाच्या गिरणीची घरघर. ती विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

पंचम आला. मग जोडाची, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांतली, पहिली आली. खर्ज आला.

पुन्हा पंचम. पुन्हा पहिली. पुन्हा खर्ज.

मधली एक येतच नव्हती.

ती परत आली तेव्हा वेणीतून पाणी गळत होतं.

"जोडाची दुसरी पोचली नाही," ती म्हणाली.

चाचांनी त्या तारेचं सूत काढलं, कानस उचलली.

"पण इथं तर वाजत होती..."

"इथं सगळंच वाजतं."

पद्मजा दारातच उभी राहिली. चार वर्षं रोज तिनं एक गोष्ट पाहिली होती. चाचा तिला म्हणायचे, छेड. ती छेडायची. चाचा मध्येच उठून बाहेर जायचे, बऱ्याच वेळानं यायचे, आणि एक शब्द न बोलता एखादं सूत हलवायचे.

"मला वाटायचं, तुम्ही पान थुंकायला जाता."

"तेही करतो."

आता तिला हसू आलं. चाचांना आलं नाही.

"मग काय लिहू?" तिनं फॉर्म पुढं केला. तो ओला झाला होता.

"मला अक्षर येत नाही. मला काय दाखवतेस?"

"सांगा तरी. इतका लांबचा मास्तर..."

चाचांनी घोडी अंगठ्यानं चाचपली.

"जवळच्या मास्तराला तू दिसतेस, पोरी. लांबच्याला नुसती ऐकू येशील."

पद्मजा ओल्या फॉर्मकडे बघत राहिली. मग पाट ओढून बसली आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं.

पहिला धडा तपासून आला तो गणपतीत. पन्नासपैकी तेरा. पान लाल शाईनं भरलेलं. असं पान तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. घरी न दाखवता ती ते घेऊन दुकानात आली आणि चाचांच्या पुढ्यात टाकलं.

"पोचलं नाही," ती म्हणाली. आवाज धड नव्हता.

"कुठली तार ते लिहिलंय का?"

तिनं पान उचललं. बराच वेळ वाचलं.

"लिहिलंय. सगळ्या लिहिल्यात."

"मग रडतेस कशाला?"

दोन वर्षं ती तिथंच बसून धडे करायची. टेपरेकॉर्डर भोपळ्यांच्या ढिगावर ठेवलेला असे. कॅसेटमधली बाई बोलायची, मागोमाग पद्मजा बोलायची. शेजारचे दुकानदार दारात येऊन नाकात बोलून दाखवायचे. चाचा कानस चालवत असत. मध्येच एखाद्या दिवशी उठून बाहेर जात.

सन १९८८. वैशाख. बारावीची परीक्षा होऊन गेली होती.

चाचांनी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात घोडीसाठीचे शिंगाचे तुकडे असतात असं पद्मजाला माहीत होतं. शिंगांच्या खाली पत्रं होती. निळी, पातळ. अकरा.

"वाच."

पद्मजानं वरचं पत्र उघडलं आणि मान वर केली.

"चाचा... हे फ्रेंच आहे."

"रेमों म्हणून होता. तू लहान होतीस. दोन हिवाळे या माळ्यावर राहिला, जवारी शिकला. त्याला आपली भाषा येत नव्हती, मला त्याची. हातानं दाखवायचो, तो करायचा. गेल्यावर वर्षाला एक पत्र टाकतो."

"आणि तुम्ही?"

"पहिलं एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ही इंग्रजी नव्हे. मग नाही दाखवलं कुणाला. शिष्याचं पत्र दहा हातांतून फिरवायचं नव्हतं."

"तुम्ही त्या दिवशीच का नाही सांगितलं? फॉर्म घेऊन आले तेव्हा? मी लगेच..."

"म्हणूनच."

 पद्मजानं पत्रं तारखेनं लावली. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं. काही शब्द अडले, ते बाजूला ठेवले. हवापाणी होतं, एका मुलीचा जन्म होता, तिथल्या लाकडाची तक्रार होती. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ होती. अकराही पत्रांत तीच.

"काय विचारतोय?"

"म्हणतोय... मी बनवलेला तंबोरा खोलीत चांगला बोलतो, पण तुमच्यासारखा नाही." तिनं ओळीवर बोट ठेवलं. "विचारतोय, मी छेडत असताना तुम्ही मध्येच उठून बाहेर का जात होता?"

चाचांची कानस थांबली.

गल्लीत कुणीतरी षड्ज लावत होतं...

"अकरा वर्षं?" चाचा म्हणाले.

"अकरा."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"शिष्याचा प्रश्न अंगावर राहिला," ते म्हणाले. "लिही."

पद्मजानं फ्रेंचमध्ये चार ओळी लिहिल्या. विहीर लिहिली, गल्ली लिहिली. खाली चाचांचा अंगठा घेतला. पत्ता तीनदा ताडून पाहिला, आणि स्टेशनजवळच्या पोस्टात जाऊन पत्र टाकून आली.

ती परतली तेव्हा चाचांनी एक तंबोरा उभा करून ठेवला होता.

"टाकलं," ती म्हणाली.

चाचांनी तंबोरा तिच्या हातात दिला आणि पायताण घातलं.

"छेड," ते म्हणाले, आणि बाहेर गेले.